गोराईच्या किनाऱ्यावर दहा दिवसांचे मौन

"दहा दिवस एक अक्षर बोलायचे नाही? म्हणजे शिक्षाच की हो!" आम्ही गोराईच्या विपश्यना शिबिराला निघालो, हे कळताच आमच्या शिवडीच्या चाळीतील एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी असा उद्गार काढला. त्यांचे तरी काय चुकले? बी. डी. डी. चाळीतील खोली 160 चौरस फुटांची. पहाटे हंडे-कळशांचा खणखणाट, दिवसभर गॅलरीतील गप्पा, रात्री चार खोल्यांतील चार दूरदर्शन संच! मौन ही वस्तू आमच्याकडे मिळत नाही.

आम्ही गेलो तेही काही मोक्षाच्या ओढीने नव्हे. वडिलांच्या माघारी ह्याच खोलीवरून आमचे आणि धाकट्या बंधूंचे बिनसले होते, आणि दीड वर्ष एकमेकांशी बोलणे नव्हते. भांडणापेक्षा भांडणाचा विचारच अधिक छळी. रात्री अंथरुणावर पडलो की आम्ही मनातल्या मनात बंधूंना उत्तरे देत असू, आणि ती फार उत्तम साधत!

ज्या पद्धतीची ही शिबिरे असतात, तिचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. सत्यनारायण गोयंका 1924 साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी कुटुंबात जन्मले. व्यापारात मोठे यश, पण अर्धशिशीने जीव हैराण. तिच्यावर उपाय शोधीत 1955 साली ते रंगूनला ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले. हे गुरू अरण्यवासी साधू नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. (गोदीत जन्म घालविलेल्या आमच्याकडील कारकुनांना ही गोष्ट ऐकून विशेष धीर येतो, असा आमचा अनुभव आहे.) पुढे 1969 च्या जुलैत गोयंकांनी भारतातील आपले पहिले शिबिर भरविले ते आपल्या मुंबईतच, एका धर्मशाळेत. साधक मूठभर, आणि त्यांत त्यांचे आईवडीलही होते. 1976 मध्ये इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. 1994 साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारांवर कैदी एकाच शिबिरात बसले. 2013 मध्ये गोयंका वारले. आज शिबिरात ऐकू येतो तो त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज.

शिवडीहून हार्बरच्या गाडीने अंधेरी, तेथून बोरिवली, आणि मग गोराईची खाडी लाँचने ओलांडायची. समोर सोनेरी घुमट दिसतो. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधलेल्या ह्या वास्तूचे उद्घाटन 2009 साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील ह्यांच्या हस्ते झाले. आतील दालनात आठ हजार माणसे बसतात, आणि मध्ये एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून तो प्रचंड भार तोलला आहे. ह्याच आवारात निवासी केंद्र आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. मात्र समुद्रस्नानाच्या इच्छेने कोणी जाऊ नये. हद्द ओलांडायची नाही हा नियम आहे. दहा दिवस समुद्राचा वारा तेवढा आपला.

प्रवेश करताना फोन, पुस्तके, वही, लेखणी जमा करावी लागते. हिंसा, चोरी, असत्य, मद्य आणि कामाचार वर्ज्य करणारे पंचशील घ्यावे लागते. स्त्रिया आणि पुरुष ह्यांची व्यवस्था वेगळी. पहाटे चार वाजता घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात, आणि मधल्या काळात दहा तासांहून अधिक ध्यान. भोजन सकाळी अकराला. संध्याकाळी पाच वाजता नवख्यांना चहा आणि थोडी फळे, बस्स. ह्या सर्वाचे शुल्क शून्य. ज्याने एक शिबिर पुरे केले, त्याच्याकडूनच दान घेतात.

पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहणे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. प्राणायाम तो हा नव्हे. काम सोपे वाटते. पण दहा श्वास सलग पाहताना मन चौदा ठिकाणी हिंडून येते. आम्ही डोळे मिटले की खोलीची पावती आणि बंधूंचा चेहरा हजर! शिवडीत क्षयरोग रुग्णालयाच्या शेजारी आयुष्य गेले, श्वासाची किंमत आम्ही इतरांच्या छातीवरून ओळखली होती. स्वतःचा श्वास असा प्रथमच पाहिला.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात. येथे एका शब्दाचा घोटाळा आपण मराठी माणसांनी टाळला पाहिजे. आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना म्हणजे शरीरावर उमटणारी कोणतीही जाणीव, मग ती सुखाची असो, दुःखाची असो वा दोन्ही नसो. डोक्यापासून पायांपर्यंत ह्या जाणिवा क्रमाने पाहत जायचे, आणि आवडतीला धरायचे नाही, नावडतीला ढकलायचे नाही. विचार असा की राग आपण समजतो तसा त्या माणसावर येत नाही. त्या माणसाच्या आठवणीने छातीत जी आग उठते, तिच्यावर आपण उसळतो. ती आग उठताना दिसली, तर उसळण्यापूर्वी क्षणभर अवधी मिळतो. दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचा जो संकल्प करवतात, तो ह्याच्याच सरावासाठी. पाचव्या दिवशी आमचा उजवा गुडघा असा पेटला की बंधूंचा विसर पडला!

कोणी विचारील, हा बौद्ध पंथाचा प्रचार नव्हे काय? गोयंका तो सांप्रदायिक नाही असे निक्षून सांगत. आमचे मत असे की पठण पालीत आहे, विचार बुद्धाचा आहे, आणि ते लपविण्याचे कारणही नाही. परंतु नाव, टिळा, देव बदलायला कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे, त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये. अर्जात त्याबद्दल स्पष्ट विचारतात, तेथे खरे ते लिहावे. इतका एकांत प्रत्येकाला मानवतोच असे नाही, आणि हे औषधोपचाराला पर्यायही नव्हे. मध्येच उठून घरी जाणारे असतात. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला तरी नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटले. शेजारच्या आसनावर दहा दिवस बसलेले गृहस्थ काळाचौकीचे निघाले, आमच्यापासून दोन थांब्यांवर राहणारे! दोघेही इतके बोललो की घसा बसला.

अकराव्या दिवशी घरी आलो, आणि त्याच आठवड्यात बंधूंकडे गेलो. त्यांनी तासभर आम्हांला सुनावले. मध्ये दोनदा छातीत ती ओळखीची आग उठली. आम्ही तिला पाहत राहिलो आणि प्रथमच त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. त्यांतील निम्मे तरी खरे होते. खोलीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. वहिनींनी चहा मात्र दोनदा केला.