चिताऱ्याकडून काय शिकावं?
मालवणहून कुडाळमार्गे सावंतवाडी गाठली, की राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे हात पाहता येतात. १९७०च्या दशकात राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले ही कला वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकल्या; पुढे त्यांनी ती इतरांना शिकवली. चित्रकलेच्या विद्यार्थ्यासाठी त्यातले धडे:

• जागा : लहानशा गोल पानात अख्खा अवतार बसवायचा.

• खूण : मत्स्याला मासा, परशुरामाला परशू. अक्षराविना पान ओळखू यावं.

• सातत्य : दशावतारी जोडात १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. राजा-प्रधान वगळता एक्क्यापासून दश्शीपर्यंत मत्स्याच्या पानांवर ५५ मासे येतात. पंचावन्नावाही पहिल्याइतकाच रेखीव हवा.