लोकताकची तरंगती कडी

मणिपूरमधल्या लोकताक सरोवराचं उपग्रहचित्र मोठं करत गेलं, की पाण्यावर कुणी बांगड्या विखुरल्यात असं वाटतं. ती मच्छीमारांनी केलेली कडी आहेत, तिकडच्या बोलीत ‘अथाफुम’. फुमदीचे पट्टे गोलाकार जोडायचे, आत मासे जमू द्यायचे आणि जाळं लावून धरायचे. फुमदी म्हणजे गवत, मुळं, कुजका पाला आणि माती यांचा तरंगता थर. त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यावर, बाकी सगळा खाली.

साध्या फोटोत गढूळ, हिरवट पाणी आणि फुमदी यांची गल्लत होते. म्हणून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कामाला येतो. पाणी तो जवळजवळ सगळा गिळून टाकतं, हिरवी पानं मात्र भरभरून परतवतात. अशा चित्रात पानांना लाल रंग देण्याची रीत आहे; मग काळ्या पाण्यावर फुमदीची लाल ठिगळं लख्ख उठून दिसतात. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाजूचा, त्यामुळे कडीही ओळखता येतात. 1972च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाचा ठिपका 80 मीटरच्या आसपास होता. त्यात ती विरून गेली असती. पावसाळ्यात ढग आड आले, की अवरक्त चित्रही निरुपयोगी; तेव्हा ढगांतून उपग्रहावरचं रडार पाहतं.

सरोवराच्या आग्नेयेला केयबुल लामजाओ हे तरंगतं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 40 चौरस किलोमीटरचं. संगाई हरणाचं जगातलं हे एकमेव नैसर्गिक घर. 1975च्या मोजणीत अवघी 14 हरणं सापडली होती! पुढे संख्या वाढली, पण पायाखालची जमीनच आता पातळ होते आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं चिखलातून पोषण घ्यायची आणि पावसात ती पुन्हा वर यायची. 1983 मध्ये वीजनिर्मितीसाठी इथाई बंधारा सुरू झाला, पाणी बारमाही चढं राहू लागलं आणि हे टेकणंच चुकलं. थर विरळ झाला की संगाईचे खूर आरपार जातात.

मला घोर लागतो तो याचाच, कारण वरून पातळ फुमदीही जाड फुमदीइतकीच लाल दिसते. चित्रात उद्यान भरलेलं असतं. जाडी मोजायची तर कुणाला तरी होडीने तिथवर जाऊन, थराला भोक पाडून खाली काठीच सोडावी लागते.