पाचव्या दिवसाची भिंत

हृदयविकाराचा झटका येऊन चार-पाच दिवसांनी दगावलेल्या रुग्णाचं हृदय शवविच्छेदनाच्या टेबलावर हाती आलं, की सुरी लावण्याआधीच बोटांना जागा कळते. मेलेला भाग पिवळट, भोवती लालभडक कड, आणि दाबलं तर खरवसासारखा मऊ. शेजारचा जिवंत स्नायू मात्र घट्ट असतो. कधी त्या मऊ जागेतच भिंत फाटलेली सापडते.

ती इतकी मऊ का झाली, हे मायक्रोस्कोपखाली दिसतं. मेलेल्या तंतूंमधली केंद्रकं नाहीशी होऊन नुसते गुलाबी पट्टे उरलेले असतात. त्यांच्या फटींत जांभळे ठिपके दाटलेले. मोठी लेन्स लावली की एकेका ठिपक्यात तीन-चार पाळ्यांचं केंद्रक स्पष्ट होतं: न्यूट्रोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या द्रव्यांच्या मागावर ते काही तासांतच येऊ लागतात आणि पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची सर्वाधिक गर्दी असते. त्यांच्या विकरांनी मेलेले तंतू सुटे होतात. मागोमाग मॅक्रोफेज येतात आणि ते तुकडे गिळू लागतात. पाचव्या दिवसाच्या स्लाइडवर जुने तंतू सुटे होऊन कडेने उपसले जाऊ लागलेले असतात, पण भिंत धरणारं नवं कोलॅजन अजून जवळजवळ नसतंच. पक्का व्रण व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात.

हा दाह पाहून तो थांबवावा असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. झटक्यानंतर स्टिरॉइड देऊन पाहिलं गेलं. पण १९७४ मध्ये असे उपचार झालेल्या काही रुग्णांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जखम भरायला उशीर झालेला आणि भिंतीला फुगवटा आलेला आढळला. सफाईच रेंगाळली तर व्रण धरणार कशावर? झटका येऊन गेलेल्याने अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी दाह दाबणारी औषधंही परस्पर आणून घेऊ नयेत, हे मी नातेवाइकांना पुन्हापुन्हा सांगते.

पण दाह वेळेवर ओसरलाही पाहिजे. बोस्टनच्या माथियास नारेनडॉर्फ यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांत दाखवलं, की मोनोसाइट, म्हणजे ज्यांपासून मॅक्रोफेज बनतात त्या पेशी, दोन लाटांत येतात: पहिल्या लाटेतले साफसफाई करतात, दुसऱ्या लाटेतले नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन उभं करायला मदत करतात. २००९ मध्ये आणखी एक गोष्ट कळली, मला ती आजही थक्क करते: यातल्या बऱ्याच पेशी प्लीहेत साठवलेल्या असतात आणि झटका आला की तिथून निघतात. पहिली लाट लांबली तर धडधाकट स्नायूही झिजतो, कप्पा पसरत जातो.

म्हणून आता कोल्चिसिन या दाह दाबणाऱ्या औषधाची चर्चा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांनी पेटणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असतं. तिचा कंद जहरी, औषध म्हणून घरी कधीच वापरू नये. २०१९ मध्ये झटक्यानंतरच्या ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम गोळीने पुढचे धोके घटले. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीत गोळी सुरू करायला महिन्याभराची मुभा होती, दुसरीत ती पहिल्या तीन दिवसांतच सुरू झाली. निकाल यामुळेच बदलला असं सिद्ध झालेलं नाही, पण त्या दिवसांच्या स्लाइड पाहिलेल्या माझ्यासारखीचं लक्ष आधी तिकडेच जातं.