दुसऱ्या उकाराने हरवलेले गाव

समजा, दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे बुरोंडी गाव तुम्हाला एखाद्या संकेतस्थळावर शोधायचे आहे. वरच्या शोधचौकटीत तुम्ही घाईने ‘बूरोंडी’ लिहिता आणि उत्तर येते, ‘काही सापडले नाही’. पुष्कळ माणसे येथेच थांबतात. माहितीच नाही, असे समजतात. पण गाव तर तेथे आहे! मग असे का व्हावे?

संगणकाला अक्षर कळत नाही, कळतो तो आकडा. युनिकोड या जागतिक संकेतावलीत ‘ब’चा क्रमांक आहे २३४८, पहिल्या उकाराचा २३६९ आणि दुसऱ्याचा २३७०. ‘बुरोंडी’ म्हणजे अशा ७ क्रमांकांची माळ. साधी शोधचौकट माळेला माळ लावून पाहते. एक मणी बदलला की संपले. (तुमचे गुरुजी निदान अर्धा गुण तरी देतात!) मोठी शोधयंत्रे मात्र जवळपासच्या माळाही तपासतात.

जी चौकट शब्दाचा तुकडाही जुळवते, तेथे नुसते ‘रोंडी’ लिहा. उकाराचा प्रश्नच उरत नाही.

आता तुमच्या गावाचे नाव घरातल्या पाच जणांकडून लिहून घ्या. वेगवेगळ्या माळा किती झाल्या, ते मोजा.