गाद्याचा पंचनामा

२०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने देशातील नद्यांमधल्या डॉल्फिनांची शिरगणती प्रसिद्ध केली. अठ्ठावीस नद्या पालथ्या घालून, साडेआठ हजार किलोमीटरांचे पात्र पिंजून काढून ६,३२७ हा आकडा सिद्ध करण्यात आला, आणि तो वाचून ज्यांस आनंद झाला त्यांत प्रस्तुत लेखकही आहे. परंतु त्या आनंदात थोडी असूया मिसळलेली होती हे लपवण्यात अर्थ नाही. गंगेच्या डॉल्फिनास २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला, २०२० च्या स्वातंत्र्यदिनी त्याच्या नावाने प्रकल्पाची घोषणा झाली, आणि त्या घोषणेत सागरी डॉल्फिनांचाही उल्लेख होता. तथापि आपल्या कोकणकिनाऱ्यावरील गादा नावाच्या डॉल्फिनाच्या वाट्यास, सिंधुदुर्गातील काही वर्षांचा स्तुत्य अपवाद सोडता, सबंध किनाऱ्याचा हिशेब मांडणारा शिरगणतीदार अद्याप आलेला नाही.

गोरेगावच्या माणसाने समुद्री प्राण्यांवर लिहावे याचे पुष्कळांना हसू येते. आमच्या उपनगरास चौपाटी नाही. आहे ती मालाडची खाडी आणि तिच्यात जाऊन मिळणारी, आता गटाराच्या पंक्तीस बसलेली ओशिवरा नदी. चित्रनगरीस लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे, तेथे येणारी मंडळीही बिबट्या आणि फुलपाखरे यांचीच चौकशी करतात. परंतु वर्सोव्याचे बंदर येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरुणपणी तेथील तांडेलांच्या संगतीत जे ऐकले त्यावर पुढे वाचलेल्या बऱ्याच ग्रंथांना मात करता आली नाही.

कायद्याचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, त्याची पहिली अनुसूची, १९८७ साली मालवणास जाहीर झालेले आणि स्थानिकांनी कधीही मनापासून न स्वीकारलेले २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य, निरनिराळे आंतरराष्ट्रीय करार व त्यांच्या परिषदा: हा सर्व भाग आढाव्यात यावयाचा म्हणून आला, त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

खरा विषय आहे तो गादा आणि भुलगा यांचा. गादा म्हणजे पाठीवर वशिंड असलेला, शिशाच्या रंगाचा डॉल्फिन. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने १८२९ साली मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, म्हणजे शास्त्राच्या दरबारात त्याची ओळख आपल्याच पश्चिम किनाऱ्याने करून दिली. भुलगा त्याहून लहान. त्याला चोच नाही, पाठीवर पर नाही, आणि उडी मारून लक्ष वेधून घेण्याचा स्वभावही नाही, त्यामुळे जन्मभर समुद्रावर गेलेल्या माणसासही तो क्षणभर चकाकलेल्या काळ्या पाठीपलीकडे क्वचितच दिसतो. या दोघांचेही दुर्दैव एकच, की त्यांना उथळ पाणी प्रिय आहे. खोल समुद्रातील त्यांचे भाऊबंद निदान माणसापासून दूर असतात. हे मात्र खाड्यांच्या मुखाशी, बंदरांच्या वाटेवर, ज्या पट्ट्यात आपण जाळी टाकतो, गाळ उपसतो आणि शहराचे मैलापाणी सोडतो, नेमके तेथेच संसार थाटून बसलेले आहेत.

आणि म्हणून माझे जुने म्हणणे पुन्हा मांडतो, की या प्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न मुख्यतः जाळ्याचा आहे. ते जाळे ज्याच्या हाती आहे त्याला चोर ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. गादा तरंगत्या जाळ्यातली मासळी ओढून खातो, जाळे फाडतो, आणि कधीकधी त्यातच गुरफटून, श्वास घेण्यास वर येता न आल्यामुळे, गुदमरून मरतो. या व्यवहारात कोळ्याचेही नुकसान आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस सुरू केली, ती माझ्या मते गेल्या अर्धशतकातील सर्वांत शहाणी तजवीज होय. आमच्या क्षेत्रातील काही विद्वानांनी तिला लाच म्हटले. या विद्वानांनी भर समुद्रात, पावसाळी हवेत, नवे जाळे हातातल्या कोयत्याने कापण्याचा प्रसंग एकदा अनुभवावा एवढीच त्यांना विनंती आहे. पर्ससीनवाल्यांवर २०१६ साली निर्बंध आले, एलईडी दिव्यांची मासेमारीही बंद ठरली. परंतु हुकूम आणि अंमल यांच्यामधला समुद्र फार मोठा आहे, आणि मासळी जितकी कमी होते तितका गादा जाळ्याच्या अधिक जवळ येतो.

माझा दुसरा छंद मेलेल्या प्राण्यांचा, आणि त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा झालेली आहे. जिवंत डॉल्फिनाचे छायाचित्र वा उपग्रहाशी जोडलेले यंत्र नसेल तर ती माहितीच नव्हे, असा एक पंथ अलीकडे बळावला आहे. आता हंपबॅक देवमाशाचीच गोष्ट पाहा. १९६५-६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि आपला वायव्य किनारा यांच्यालगत, बेकायदा शिकार करून २४२ हंपबॅक मारले. जगाला त्याचा पत्ता नव्हता. परंतु जहाजावरील जीवशास्त्रज्ञांनी प्रत्येक प्राणी मोजला होता, पोटातले अन्न आणि गर्भातले पिल्लू तपासले होते, आणि युरी मिखालेव्ह यांनी १९९७ साली त्या नोंदी उघड केल्या, तेव्हा अरबी समुद्रातले हे देवमासे दक्षिणेकडे न जाता येथेच चरतात व येथेच वितात हे प्रथम पुराव्यानिशी कळले. गुन्हेगाराचे दफ्तर एवढे चोख, आणि रक्षकांचे?

२०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्यास बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्यास लागला आणि मेला. २०१६ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या जुहूच्या वाळूत ब्रायड्स जातीचा देवमासा मृतावस्थेत येऊन पडला. सबंध उपनगर तो पाहावयास लोटले, आणि तेथेच खड्डा करून त्याला पुरण्यात आले. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्यास लागलेले पिल्लू ग्रामस्थांनी आणि सरकारी माणसांनी अहोरात्र झटून खोल पाण्यात नेऊन सोडले. ते वाचले नाही, पण त्या झटणाऱ्या माणसांविषयी एकही उणा शब्द मी ऐकून घेणार नाही. माझी तक्रार आहे ती ज्या गाद्याची बातमी होत नाही त्याच्यासंबंधी. तो कुजत पडतो, पंचनामा होतो, त्यात ‘एक मोठा मासा’ अशी नोंद होते, आणि दुर्गंधीचा बंदोबस्त झाला की कागद बंद होतो. वास्तविक त्या देहात एका आयुष्याची सगळी हकीकत असते. दात कापून पाहिला तर त्यातील थरांवरून वय कळते, पोटावरून आहार कळतो, शेपटीच्या मुळाशी दोरीचा वळ दिसला तर मरणाचे कारणही बहुधा कळते. देवमासा असेल तर श्वासरंध्रे दोन आहेत की एक, आणि डोक्यावर उंचवट्याच्या रेषा तीन आहेत की एक, एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले. तीन रेषा ब्रायड्सच्या. मुंबईत अलीकडे काही तरुण मंडळी किनाऱ्यावर आलेल्या प्राण्यांची पद्धतशीर नोंद ठेवू लागली आहेत, हाच काय तो या काळातला दिलासा.

एरवी सध्याचा काळ चमत्काराचा आहे. १९९८ च्या सुमारास बल्गेरियातून चेन्नईस आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले, तरी सिंधुदुर्गात सागरी करमणुकीचे नगर वसवण्याची स्वप्ने पडतच राहिली. सुदैवाने २०१३ साली केंद्राने डॉल्फिनांच्या खेळांना मनाई केली. मग त्यांना हौदात आणण्याऐवजी आपणच त्यांच्या मागे लागलो. तारकर्ली असो की हर्णै, हाकारे देऊन सावज घेरावे तशा पाचपाच होड्या एका कळपाभोवती फिरतात आणि ‘डॉल्फिन दाखवला नाही तर पैसे परत’ असा करार होतो. वर्तमानपत्रांत देवमाशाचे नाव छापून येते ते बहुधा त्याच्या उलटीच्या तस्करीपुरते. वर्सोव्यापासून उत्तरेकडे सागरी रस्ता निघाला आहे, पालघरात वाढवणचे ७६ हजार कोटींचे बंदर उभे राहात आहे. आवाजाच्या प्रतिध्वनीवर जगणाऱ्या प्राण्यांना पाण्याखालच्या या ठोकाठोकीचे काय होणार, हे विचारणारास विकासविरोधी ठरवले की उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

विद्वानांची समजूत मी घालू शकलो नाही. म्हणून वाचकांनाच सांगतो. वर्सोवा, मढ, अक्सा वा गोराईच्या वाळूत असा देह दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, प्राणी जिवंत असेल तर त्याच्या श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि मेलेला असेल तर डोक्याचे, बाजूचे व शेपटीचे छायाचित्र घ्या. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत मोजतात, आणि ती देहाच्या वळणावरून न मोजता सरळ रेषेत मोजतात. पुरण्यासाठी यंत्र आले तर मोजणी होईपर्यंत थांबण्यास सांगा. सांगणारा कोणी असला तर ते थांबतात.