खात्री कोणाची? हलाल पाटीचा अर्थ

परदेशी निघालेला तरुण पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांची चौकशी दहा ठिकाणी करतो. पण तिथे जेवायचे काय, हा प्रश्न बहुधा आईच विचारते. आमच्या जनवाड्यात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. माझे दोन शाळासोबती कामासाठी सिंगापूरला निघाले, तेव्हा एकाच्या अम्मीला हलाल जेवणाची काळजी होती, तर दुसऱ्याच्या अव्वाला शाकाहाराची. दोघींनाही हवी होती ती खात्री. हा शब्द मराठीत जसा आहे तसाच कन्नडातही आहे. त्या निमित्ताने मी जी माहिती जमवली, ती वाचकांपुढे ठेवतो.

‘हलाल’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘धर्माने मोकळीक दिलेले’ असा आहे. त्याच्या उलट ते ‘हराम’. डुकराचे मांस, रक्त, मेलेले जनावर आणि दारू ही निषिद्ध होत. चालणारे जनावरही अल्लाचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळा कापून, रक्त वाहू देऊन कापलेले असावे लागते. म्हणजे पदार्थ कोणता एवढे पाहून भागत नाही. तो ताटात कसा आला, हेही पाहावे लागते.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जुन्या गावगाड्यात मुलाणी हा एक बलुतेदार होता. बकरे कापताना नाव घेऊन सुरी फिरवण्याचा मान त्याचा असे आणि ते मटण मराठ्यांच्या घरीही शिजे. त्याच्याकडे दाखला कोणी मागितला नाही, कारण सारे गाव त्याला ओळखत होते. परक्या मुलखात मात्र कापणारा दिसत नाही आणि रांधणाराही दिसत नाही. तिथे ओळखीची जागा कागद घेतो. हलाल प्रमाणपत्र म्हणतात ते हेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. हिशेबतपासनिसाचा अहवाल हाती आला की सही कोणाची, तपासले काय आणि ते कोणत्या मुदतीचे, हे तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांला शिकवतात. हलाल पाटीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात.

पहिला प्रश्न सहीचा. मलेशियात ‘जाकिम’ हे सरकारी खाते आणि राज्यांची धार्मिक खाती प्रमाणपत्र देतात. सिंगापुरात ‘मुइस’ ही कायद्याने स्थापन झालेली मंडळी १९७८ पासून हे काम करीत आहे. इंडोनेशियात २०१४ साली कायदा झाला, २०१९ मध्ये काम सरकारी संस्थेकडे आले आणि २०२२ मध्ये नवे जांभळे चिन्ह निघाले. इंग्लंडमध्ये मात्र असा एकच सरकारी शिक्का नाही. तिथे खासगी संस्था आहेत आणि त्यांची मते जुळत नाहीत. जनावराला कापण्यापूर्वी विजेच्या धक्क्याने बधिर करणे ‘हलाल फूड अथॉरिटी’ काही अटींवर मान्य करते. ‘हलाल मॉनिटरिंग कमिटी’ ते मान्य करीत नाही. म्हणून नुसता ‘हलाल’ हा शब्द पाहून थांबू नये. त्याखालचे नाव वाचावे.

दुसरा प्रश्न, तपासले काय? सिंगापुरात प्रमाणपत्र त्या-त्या जागेपुरते असते. एखाद्या प्रसिद्ध हॉटेलची एका देशातील शाखा हलाल असली, म्हणून दुसऱ्या देशातील शाखाही तशीच असेल असे नाही. कित्येक ठिकाणी ‘डुकराचे मांस नाही, चरबी नाही’ अशी पाटी दिसते. ती खरी असली तरी कोंबडी कशी कापली आणि रश्शात दारू पडली की नाही, हे ती सांगत नाही. मालक मुसलमान आहे एवढ्यानेही प्रमाणपत्र मिळत नसते.

तिसरा प्रश्न मुदतीचा. प्रमाणपत्रावर दुकानाचे नाव, पत्ता आणि अखेरची तारीख असते. ती पाहावी, शंका आल्यास त्या संस्थेच्या यादीत दुकानाचे नाव शोधावे. हे विचारण्यात संकोच नसावा.

आता शाकाहारी मित्रांसाठी दोन शब्द. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे; हलाल पाटीखाली कोंबडी, बकरा, मासळी सारे काही मिळते. उलट शाकाहारी पदार्थात स्वयंपाकाची दारू असेल, तर तो हलाल ठरत नाही. दोघांनाही अडणारी जागा एकच, ती म्हणजे बंद पाकीट. जिलेटिन जनावराच्या कातड्यापासून व हाडांपासून बनते. ते डुकराचेही असू शकते. ‘ई १२०’ हा तांबडा रंग किड्यांपासून काढतात. ‘ई ४७१’ हा पदार्थ वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. आपल्याकडच्या बिस्किटांवरही ४७१ हा आकडा आढळतो. पण आपल्या देशात पाकिटावर हिरवा ठिपका छापण्याचा नियम असल्याने ती चरबी प्राण्याची नाही, हे कळते. इंग्लंडमध्ये असा ठिपका सक्तीचा नाही. तिथे बारीक अक्षरे वाचावी लागतात, नाही तर कंपनीला विचारावे लागते.

आखाती देशांत ही अडचण कमी आहे, पण तिथेही डोळे उघडे ठेवावेत. सौदी अरेबियात डुकराच्या मांसाला बंदी आहे. दुबईत मात्र काही मोठ्या दुकानांत ते ‘मुस्लिमेतरांसाठी’ अशी पाटी लावून वेगळ्या दालनात विकतात.

कोणी म्हणेल, पोटासाठी परमुलखात जायचे, तर एवढी चिकित्सा कशाला? मला तसे वाटत नाही. घरापासून हजारो मैल दूर, दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घास निःशंक मनाने खाता यावेत, ही काही चैन नव्हे. शिवाय अम्मी आणि अव्वा, दोघींचा प्रश्न मुळात एकच आहे, हे आपल्या गावात तरी सांगायला नको. ज्याला दुसऱ्याच्या ताटाचे नियम ठाऊक असतात, तो परदेशी एकाच खोलीत राहताना मित्राची अडचण ओळखतो आणि बाजारातून येताना त्याच्यासाठीही पाकीट उलटून पाहतो. त्याला दुसरा दाखला लागत नाही.