आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची तर वक्ते कोण आणि जागा कुठली?



बारावी वाणिज्यच्या मुलांना 'नियोजन' शिकवताना आपण व्याख्या सांगतो, मुलं ती पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्याऐवजी त्यांना एक काम देऊन बघा. 'आपल्या भंडाऱ्याच्या कोसा रेशमावर आंतरराष्ट्रीय व्यापार परिषद भरवायची आहे. वक्ते आणि जागा तुम्ही ठरवा.' पाच मिनिटांत बहुतेक मुलांच्या वहीत एक मोठं हॉटेल, एक मंत्री आणि एक सिनेनट असेल. त्यांना रागावू नका. पाठ इथूनच सुरू होतो.

आधी प्रश्न, मग माणसं

मुलांना विचारा, ही परिषद संपल्यावर काय ठरलेलं हवं? कोसा कापडाला बाहेरच्या देशात गिऱ्हाईक मिळायला हवं? की कोष पाळणाऱ्याला चांगला भाव? की रोगमुक्त अंडीपुंज वेळेवर मिळायला हवेत? उत्तर बदललं की वक्ते बदलतात आणि जागाही बदलते. म्हणून वहीत पहिल्या ओळीवर हेतू लिहायचा, नावं नंतर.

ब्रेटन वुड्सचं उदाहरण

हे सांगायला इतिहासातलं एक उत्तम उदाहरण आहे. १ ते २२ जुलै १९४४ या काळात अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांची आर्थिक परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था तिथेच ठरल्या. एवढी मोठी परिषद राजधानीत न भरता डोंगरातल्या एका हॉटेलात का भरली? ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स यांना हृदयविकार होता आणि जुलैतला वॉशिंग्टनचा उकाडा त्यांना नको होता. शिवाय न्यू हॅम्पशायर राज्यात परिषद घेतली, तर तिथल्या विरोधी पक्षाच्या सिनेटरचं मन वळेल, असाही हिशेब होता. म्हणजे जागा निवडताना हवामान, तब्येत आणि राजकारण या तिन्ही गोष्टी पाहिल्या गेल्या. पण ते हॉटेल युद्धामुळे बंद होतं. घाईघाईने उघडलं, आणि सातशेहून अधिक प्रतिनिधींना खोल्या कमी पडल्या. जागा सुंदर होती, पण तयारी अपुरी होती. मुलांनी दोन्ही बाजू लिहायच्या.

आता माणसांकडे बघू. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. आपल्या प्रतिनिधी मंडळाचे प्रमुख इंग्रज होते. पण त्याच मंडळात चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. महाडजवळच्या नाते गावचे. त्यांची सरकारी नोकरी सुरू झाली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात, आणि आपला भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. त्यांच्यासोबत षण्मुखम चेट्टी आणि उद्योगक्षेत्रातले ए. डी. श्रॉफ होते. युद्धकाळात ब्रिटनवर चढलेल्या भारताच्या देण्याचा प्रश्न भारताने तिथे मांडला. मागणी मान्य झाली नाही, पण प्रश्न जगासमोर नोंदला गेला. ज्याचं पैशाचं दुखणं होतं त्याचा माणूस टेबलावर होता, म्हणून ते शक्य झालं.

आता आपल्या कोशाकडे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले टसर रेशमाचे जिल्हे. टसरची अळी घरात तुतीच्या पानांवर वाढत नाही. ती जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते. पाखरं-मुंग्यांपासून तिला राखायला माणूस झाडाखाली बसून असतो. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाने केलं. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचं कापड विणलं जातं.

आता मुलांना सांगा, वक्त्यांची यादी पुन्हा करा. पाच खुर्च्या आहेत असं समजा:

१. कोष पाळणारा किंवा पाळणारी
२. विणकर
३. रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ
४. बाहेरच्या देशातला खरेदीदार
५. चीनमधला जाणकार, कारण तिथे ओकच्या झाडांवरचा टसर मोठ्या प्रमाणात होतो आणि तोच आपला स्पर्धक आहे

प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहायला लावा: 'हा माणूस असं काय सांगेल जे दुसरा सांगू शकणार नाही?' वाक्य सुचलं नाही, तर ते नाव खोडायचं. पाहुणे म्हणून मंत्री जरूर यावेत, पण शाल-श्रीफळातच अर्धा दिवस गेला तर परदेशी पाहुणा काय घेऊन जाईल?

पहिल्या दोन खुर्च्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्या कार्यक्रमांत विणकराला बहुतेकदा बाहेरच्या स्टॉलवर बसवतात आणि त्याच्याविषयी आत दुसरेच बोलतात. त्याला मंचावर घ्यायचं तर मराठी-इंग्रजी दुभाषा हवा, येण्याजाण्याचा खर्च हवा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही हवी. हे अंदाजपत्रकात लिहिलं नाही, तर निमंत्रण नुसतं कागदावर राहतं.

तारीख आणि जागा

तारीखही वक्ता ठरवते. पावसाळ्यात रोवणी आणि अळ्यांची राखण, नोव्हेंबरात धानकापणी. मे महिन्यात आपलं ऊन बाहेरच्यांना सोसणार नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरा. परदेशी पाहुण्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागतो, म्हणून निमंत्रणं काही महिने आधी गेली पाहिजेत.

जागेचं काय? विमानतळ नागपूरला, भंडाऱ्याहून साधारण साठ किलोमीटर. मोठी सभागृहं, भरपूर खोल्या, मोठे दवाखाने तिथे आहेत. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने नागरी संघटनांची सी-२० बैठक नागपुरातच झाली. पण सगळंच नागपुरात घेतलं तर पाहुण्यांना ऐनाचं झाड आणि हातमाग दिसणार नाही. मुलांकडून सुचावं असं एक उत्तर म्हणजे दोन दिवस नागपूर आणि एक दिवस मोहाडी तालुका. दुसरं उत्तर आलं तरी चालेल, कारण मात्र लिहिलेलं हवं.

गुण कसे द्याल?

हेतूला पाच, वक्त्यांच्या कारणांना पाच, जागा आणि तारखेला पाच, खर्चाच्या अंदाजाला पाच. पालकांनी घरी एवढंच करावं: जेवताना मुलाला विचारावं, 'तुझ्या परिषदेत कोष पाळणारी बाई कितव्या क्रमांकावर बोलते?' शेवटी, आभारानंतर, असं उत्तर आलं तर वही पुन्हा उघडायला सांगा.